वर्षाची मूठ

"हिलाल," असं म्हणून प्रमिलाबाईंनी मूठभर गहू सुपात सोडले, आणि वर पाव मुठीच्या अंदाजाने आणखी थोडे.

"शोभा."

समोर पाय पसरून बसलेल्या शोभाबाईंनी आपलं नाव येताच पाय आखडून घेतले, जशी काही देवीच हजेरी घेत होती.

"दगा," हे शोभाबाईंच्या मुलाचं नाव. "सुकदेव. प्रमिला."

स्वतःचं नाव घेताना प्रमिलाबाईंचा आवाज दरवर्षीसारखाच जरा खाली गेला. रविवारी कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, घरात बसायची होती. हिलाल आणि सुकदेव हे दोघे भाऊ खानदेश सोडून लूमच्या कामाला सुरतेत आले त्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण कानबाई त्यांनी सोडली नव्हती. एक वर्ष थोरल्याच्या घरी लिंबायतला, एक वर्ष धाकट्याच्या घरी कोसाडला. यंदा पाळी कोसाडची होती, म्हणून थोरली जाऊ दोन दिवस आधीच राहायला आली होती. रोटाचे गहू मोजायची रीत घराण्यात ठरलेली होती. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. ते धुऊन, वाळवून, दळून त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. ती दुसऱ्या घरच्या कानबाईची झाली. शोभाबाईंच्या कुसुमची मूठ चार वर्षांपूर्वी अशीच बंद झाली, तेव्हा नंदुरबारहून आलेली कुसुम दारात बसून रडली होती, आणि तरी कुणी तिच्या हातावर तुकडा ठेवला नव्हता.

"वर्षा," म्हणत प्रमिलाबाईंनी पोत्यात हात घातला.

"माझी नको घालू, माय."

वर्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ओले केस पुढे घेऊन उभी होती. बावीस वर्षांची, साड्यांच्या गोडाऊनमध्ये घडी-पॅकिंगला जाणारी, तोंडाळ नाही पण मुखदुर्बळही नाही. गजेंद्रशी तिचा साखरपुडा माघात झाला होता आणि लग्न वैशाखातच व्हायचं होतं. पण होळीच्या आधीच गजेंद्रचे आजोबा वारले, वर्ष पाळायचं ठरलं आणि वैशाख एक साल पुढे गेला.

शोभाबाई खो खो हसल्या. "काय वं पोरी! आतेपासूनच सासरनी व्हयनी का? लगीन पुढला वैशाखमा, आन् हाई बया श्रावणमाच परकी!"

"थट्टा करू नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कानबाईना दाना शेत ह्या."

"थट्टा नाही करत," वर्षा म्हणाली. केसांतून फिरणारी फणी थांबली होती. "कानबाईसमोर खोटं नको. म्हणून सांगते."

प्रमिलाबाईंनी वर पाहिलं. लेकीचं तोंड लाल झालं होतं, पण नजर खाली नव्हती. पोत्यातल्या मुठीतून गहू आपोआप सुटले. त्यांनी सुपावर धुतलेलं फडकं घातलं आणि ते देव्हाऱ्याखाली सरकवलं.

"राहू दे. सांजले मोजूत," त्या जावेला म्हणाल्या. "तुम्ही अमरोलीतून नारळ लई या, जिजी. उन्हं व्हवाआधी."

शोभाबाईंनी एकदा सुपाकडे आणि एकदा दोघींकडे पाहिलं. मग पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या.

---

भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती, त्यामुळे भांडणसुद्धा हळू आवाजात करावं लागे. प्रमिलाबाईंनी नळ सोडला, रिकामी बादली त्याखाली ठेवली आणि पाण्याच्या आवाजात विचारलं, "कधळपासून चालू शे हाई?"

"होळीनंतर. तीनदा गेले. पलसाण्याला, त्याच्या खोलीवर."

"कामरेजले मैत्रिणीकडे जास म्हने तू."

"ते खोटं होतं. त्याचं वाईट वाटतं मला. बाकी कशाचं नाही."

"त्यानी जबरदस्ती करी का?"

"नाही." वर्षाने केस मागे टाकले. "पहिल्यांदा मीच म्हटलं."

बादली भरून वाहायला लागली तरी प्रमिलाबाईंचं लक्ष गेलं नाही. वर्षानेच नळ बंद केला.

होळीनंतर. म्हणजे तो मोरपंखी डाग तेव्हाचा. गजेंद्र पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला होता. त्याच्या नखांवरून कुठला लॉट रंगवला ते कळायचं, कधी राणी, कधी पिवळा. त्या आठवड्यात वर्षाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मोरपंखी रंगाचा पुसट ठसा होता. बोटाचाच असावा. प्रमिलाबाईंना तो दिसला होता. होळीचा रंग राहिला असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. पण पोरीने दोन दिवस त्या हाताला साबण लावला नव्हता, भांडी घासतानाही ती तो हात जपत होती, हेही त्यांनी पाहिलं होतं. आणि तेव्हापासून त्या पोरीवर उगाच करवादत होत्या. नेलपॉलिशची बाटली फेकून दिली. आरसा उंच टांगला. गजेंद्र जेवायला आला की वर्षाला आत बसवून तिच्या भावाला, लखनला, वाढायला लावलं, कारण वर्षा भाजी वाढायला वाकली की तो पोरगा खायचा थांबायचा. तसं कुणी आपल्याकडे पाहून खायचं थांबलेलं प्रमिलाबाईंना आठवत नव्हतं. आपण हे सगळं काळजीपोटी करतोय, असंच त्या समजून होत्या.

"तुनाघाई एक वरीस थांबायनं नही?" त्या म्हणाल्या.

"थांबता आलं असतं. थांबायचं नव्हतं."

"लाज नही वाटत बोलाले?"

"तुझ्याशी बोलायला वाटते थोडी. त्याच्याकडे जायला नाही वाटली. माय, तो काही पळून नाही चालला. मीपण नाही. तारीख पुढं गेली म्हणून आमचं मन काय पुढं सरकवून ठेवायचं?"

"आम्ही नही थांबनूत का? दीड वरीस थांबनूत. साखरपुडापासून लगीनपावत तुना आबांनी मना पदरले हात नही लावा."

"मग कसं होतं ते?" वर्षाने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं ती विचारत होती, आणि तेच प्रमिलाबाईंना झोंबलं. "थांबून काय वेगळं झालं? सांग ने, माय."

प्रमिलाबाईंचा हात उठला. वर्षा मागे सरली नाही. हात वरच्या वर राहिला, आणि मग त्यांनी त्याच हाताने ओट्यावरचं फडकं उचललं.

"सांजले तुना आबाले सांगसू. त्या लोकेसले बलाव आन् लगीन मोडी टाक, असं सांगसू."

वर्षाच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला. ती म्हणाली, "सांग. पण माझी मूठ नको घालू."

आणि केस तसेच ओले बांधून ती कामाला निघून गेली.

---

दुपारी प्रमिलाबाई साडीला टिक्क्या लावायला बसल्या. खाकी कागदावर टिक्क्यांचा ढीग, वाटीत गोंद, मांडीवर दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात नेसली जाणारी साडी. एरवी हात आपोआप चालायचे. आज एक टिकली तीनदा लावावी लागली.

थांबून काय वेगळं झालं?

त्र्याहत्तर साल. साखरपुड्यानंतर सुकदेव सुरतेहून दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता. ती शेतात भुईमुगाच्या वेलांच्या ढिगाशेजारी बसून शेंगा तोडत होती, आणि तो बांधावरून सरळ तिच्याकडेच आला. टेरिलिनचा नवा शर्ट, मानेला घाम. इकडचं तिकडचं बोलला आणि मग त्याने तिचं मनगट धरलं. जोरात नाही. त्याचे डोळे तेव्हा असे होते की तिला आधी हसू आलं आणि मग हातातली शेंग गळून पडली. तो म्हणाला, "प्रमिला." एवढंच. ती म्हणाली, "लगीन व्हवू द्या." मनगट सोडवून घेतलं आणि पाटी डोक्यावर घेऊन ती घराकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर परत गेली असती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आपण केलं ते बरोबरच होतं, याबद्दल प्रमिलाबाईंना तेव्हा शंका नव्हती आणि आजही नव्हती. लग्न झालं. त्या सुरतेत आल्या. लिंबायतच्या एका खोलीत थोरला भाऊ, जाऊ, कुसुम, सासूबाई आणि मध्ये दोरीवर टाकलेली साडी. सुकदेव बारा तासांच्या पाळीवरून यायचा तेव्हा त्याच्या भुवयांतही सुताची भुकटी असायची. साडीच्या अलीकडे जे व्हायचं ते घाईत, श्वास कोंडून, पलीकडे कुणी खोकलं की थांबून. दोन मुलं झाली. तो दारू प्यायला नाही, हात उगारला नाही, पगार आणून हातात दिला. पण ते डोळे पुन्हा कधी दिसले नाहीत. प्रमिलाबाईंनी पहिली काही वर्षं त्यांची वाट पाहिली. नंतर पाहायचं विसरल्या. आणि आता ते डोळे एका रंगारी पोराच्या तोंडावर, त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटावर जेवताना दिसत होते.

पोरीने ती दुपार घेतली होती. एक नाही, तीन. आणि वर विचारत होती, कसं होतं ते.

"काय वं, सूप झाकेलच शे अजून?" नारळाची पिशवी टेकवत शोभाबाई आत आल्या. पाणी प्यायल्या, पंख्याखाली बसल्या आणि गोंदाची वाटी पुढे ओढून दुसऱ्या टोकाने टिक्क्या लावू लागल्या.

मग शोभाबाई आपल्याशीच हसल्या. "मना बापनी विहीरवर मोट व्हती. साखरपुडा व्हयना आन् तुना जेठ दर आठवडाले मोट दुरुस्त कराले येवाले लागना. आते तूच सांग, मोट काय दर आठवडाले बिघडस का?"

प्रमिलाबाईंचा हात थांबला.

"मना बाप म्हने, जावई भलता कामाना शे! मग कुसुम व्हयनी. सातवा महिनामा व्हयनी, असं सांगं बठ्ठासले. आन् पोरगी टरबूजएवढी! सुईण मना तोंडकडे देखे आन् मी भितडाकडे." शोभाबाईंनी पदराने डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. "पंचवीस-सव्वीस वरीस व्हयनात. कोनले सांगं नही. आज तुले सांगस."

"आन् त्या सालना रोट?" प्रमिलाबाईंनी विचारलं. आवाज कोरडा होता. "बापघरना?"

"खाधा ना. भूक लागेल व्हती." शोभाबाईंचं हसू जरा ओसरलं. "तुनी पोरगी मनापेक्षा खरी शे, प्रमिला. मी खाई टाका. ती नही म्हनस."

म्हणजे हीसुद्धा. गुडघे धरून उठणारी, तोंडात दोन दात कमी असलेली ही बाई. अजूनही हिलाल गल्लीच्या तोंडापासून "ए शोभे" अशी हाक मारत येतो, ते कुठून येतं हे आज कळलं. सगळ्या जगाने आपापली दुपार घेतली होती आणि आपण तेवढ्या पाटी डोक्यावर घेऊन घरी गेलो होतो.

"माले तिना आबाले सांगनं पडी," त्या म्हणाल्या. "बाप शे तो."

"सांग. पन त्याले सांगशी म्हंजे गल्लीले सांगशी. वरडनं पडी ना तुले."

---

हे मात्र खरं होतं. लूमच्या खात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला घरातली कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही. सुकदेवचे कान खटाखट आवाजाने कधीच गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडायचं, आणि तो उत्तरही ओरडूनच द्यायचा. शेजारच्या गुजराती काकी म्हणायच्या, तुमच्याकडे आज काय भाजी आहे ते आम्हाला रोज कळतं.

दिवेलागणीला तो आला. मोरीत हातपाय धुतले, कानांतली भुकटी करंगळीने काढली आणि ओटीवर येऊन बसला. वर्षा कामावरून आली होती. ती आत कणीक मळत होती आणि कणकेचा आवाज मध्येच थांबत होता. प्रमिलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. सांगायचं ते त्यांनी दुपारभर मनात जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य होतं, तुमनी पोरनी तोंड काळं करं.

त्या त्याच्या शेजारी बसल्या. मग जवळ सरकल्या. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं. इतक्या जवळ त्या कितीतरी वर्षांत आल्या नव्हत्या. साबण, चहा आणि सुताचा तो कडवट वास.

"साखरपुडानंतर तुम्ही मळामा येल व्हतात," त्या म्हणाल्या. "याद शे का?"

आपण हे का विचारलं, त्यांनाही कळलं नाही.

"शेंगा!" सुकदेव मोठ्याने म्हणाला. "घर उनू तं तू शेंगा भुंजी दिध्यात, फडकामा बांधीसन. सुरत येवापावत पुरवी पुरवी खाध्यात मी. एक एक."

"शेंगा नंतर. त्याना पहिले. तुम्ही हात धरा व्हता."

सुकदेवने बशी खाली ठेवली. समोरच्या लाइनीतल्या घरांवर दिवे लागत होते, तिकडे तो पाहत राहिला.

"तू नही म्हनी," तो म्हणाला. आवाज त्याच्या मानाने फारच हळू होता. "ऐकू उनं व्हतं माले. तव्हय कान चांगला व्हतात."

"राग उना व्हता का?"

"राग कशाना? मी हुभा ऱ्हायनू तठेच. म्हनं, मांगे वळी देखी. बांधपावत गयी, देखं नही. मग म्हनं, निंबनाखाले जाईसन देखी. तठे बी देखं नही." तो जरासा हसला. "त्या दिनले गाडी चुकनी मनी. दुसरा दिन गयू. मालकनी रोज कापी लिधा."

प्रमिलाबाईंनी खाली ठेवलेली बशी उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली.

"कसाले इचारी ऱ्हायनी आज?" आता पुन्हा नेहमीसारखं ओरडून.

"काही नही," त्या म्हणाल्या, आणि त्याला ऐकू गेलं नाही म्हणून मानेने नाही म्हटलं.

आतला कणकेचा आवाज पूर्ण थांबला होता.

---

देव्हाऱ्यात दिवा लागल्यावर प्रमिलाबाईंनी सूप बाहेर काढलं. शोभाबाई सकाळच्याच जागी येऊन बसल्या. सुकदेव डोक्यावर टोपी घालून भिंतीला टेकला. वर्षा आत, उंबऱ्याच्या पलीकडे, हाताला कणीक तशीच.

प्रमिलाबाईंनी फडकं काढलं, हात जोडले आणि पोत्यात हात घातला.

"वर्षा," त्या मोठ्याने म्हणाल्या, सुकदेवला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मूठ बाहेर आली. सुपावर गेली. उघडली. तिच्यात काही नव्हतं. मग पाव मुठीसाठी बोटं पुन्हा पोत्यात जाऊन आली आणि पुन्हा तशीच रिकामी उघडली. हाताला चिकटलेला एक दाणा होता, तो त्यांनी अंगठ्याने परत पोत्यात पाडला.

सुकदेवचे डोळे मिटलेले होते. शोभाबाई देवाकडे पाहत होत्या, मुद्दाम.

"लखन," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि भरलेली मूठ सोडली.

---

रविवारी घर माणसांनी भरलं. कानबाईला साडी नेसवली, नथ घातली, दोन्ही जावांनी गाणी म्हटली. हिलालने गल्लीच्या तोंडापासून हाक मारली ती सगळ्यांना ऐकू आली आणि प्रमिलाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहाटे उठून त्यांनी एकटीनेच रोट केले होते. वर्षाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं.

घरच्यांची पंगत बसली तेव्हा वर्षा मागे उभी राहिली. "माझं पोट बरं नाही," ती पुटपुटली. तिने हे आधीच ठरवून ठेवलं असावं.

"बस," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"माय—"

"बस म्हनस ना."

वर्षा बसली. ताटं आली. खीर, लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी आणि प्रत्येक ताटात एक जाड, तूप लावलेला रोट. सगळ्यांचे सारखे, मध्ये बोटाचा ठसा असलेले. वर्षाच्या ताटातही तसाच, तेवढाच. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग आईकडे. प्रमिलाबाई भाजी वाढत पुढे गेल्या होत्या.

वर्षाने अगदी छोटा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. रोटाच्या पिठात मीठ घालत नाहीत. ह्यात मीठ होतं. घरातल्या डब्यातलं रोजचं पीठ, रोजचं मीठ. पहाटे अंधारात, वेगळ्या परातीत मळून, सगळ्यांसारखाच थापून, सगळ्यांसारखाच ठसा उमटवून भाजलेली साधी पोळी.

"वर्षाना रोट मस्त फुगना!" सुकदेव समोरून ओरडला. "मना देख, फतकल!"

सगळे हसले. वर्षाही हसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यातही तिचं तोंड असं दिसत होतं की गजेंद्र इथे असता तर खायचा थांबला असता. प्रमिलाबाईंना ते दिसलं. आतून काहीतरी चावलं, गेले पाच महिने चावत होतं तिथेच.

सगळ्यांचं वाढून झाल्यावर त्या आपलं ताट घेऊन लेकीशेजारी बसल्या. रोटाचा एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी वर्षाच्या ताटातला एक तुकडा तोडला, आमटी न लावता, तसाच तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

मीठ बरोबर पडलं होतं.